शेजारच्या उंच मुलाचा सत्कार

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या घरात जिन्यावरच्या उंच छताला धुराचा अलार्म बसवलेला होता. बॅटरी संपत आली की तो टिवटिवायला लागायचा, आणि तोही नेमका घरी पाहुणे असताना. स्टुलावर चढूनही माझ्या नवऱ्याचा हात तिथे पोचत नसे. मग तो काही क्षण त्या अलार्मकडे इंजिनिअरच्या नजरेनं बघायचा आणि खाली उतरून म्हणायचा, "अगं, शेजारच्याला बोलाव."

शेजारचा म्हणजे शेजारच्या घरातला मुलगा. आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा तो आठवीत होता आणि तेव्हाच माझ्या नवऱ्यापेक्षा उंच होता. त्याचे वडील पोस्टमन होते, आई शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. आमच्याकडे येणारी मराठी मुलं मला काकू म्हणायची, म्हणून तोही काकूच म्हणायला लागला. तो यायचा, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहून हात वर करायचा, बॅटरी बदलायचा आणि जाताना चकल्यांचा डबा अर्धा करून जायचा. बास्केटबॉल चांगला खेळतो एवढं कानावर होतं. पण आमच्या घराला त्याच्या उंचीचा खरा उपयोग माहीत होता तो हाच.

पुढे त्या खेळावरच त्याला कॉलेजात प्रवेश मिळाला, शिक्षणाचा खर्चही कॉलेजच करणार होतं. कॉलेज गाडीनं तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे मधूनमधून तो कपडे धुवायला घरी यायचा. त्याच्या तिसऱ्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, त्याची टीम अशी काही खेळली की आमच्या ऑफिसांत, दुकानांत, अगदी माझ्या दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा त्याचंच नाव. आणि मार्च संपता संपता सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: हा आता प्रो होणार, की कॉलेजचं चौथं वर्ष पुरं करणार?

हा प्रश्न काय होता ते सांगायला हवं. प्रो म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या संघांत जायचं. एकदा 'मी येतो' असं त्यांना कळवलं की कॉलेजच्या टीमचं दार कायमचं बंद. मग तिकडे तुम्हाला कुणी घेवो न घेवो. आणि थांबावं तर वर्षभरात पाय मुरगळायचा, नाहीतर दुसरा कुणी जास्त उंच मुलगा उगवायचा. एप्रिलच्या शेवटापर्यंत त्याला ठरवायचं होतं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाला मात्र प्रश्न पडलेलाच नव्हता. पाडव्याच्या तयारीला सगळे आमच्याकडे जमले होते. बायका स्वयंपाकघरात दह्याचा चक्का घोटत होत्या, पुरुष बाहेर सोफ्यावर बसून त्या मुलाचं भवितव्य घोटत होते. त्यांच्यापैकी एकानंही जन्मात कधी तो चेंडू हातात धरलेला नव्हता. पण डिग्र्या प्रत्येकाकडे होत्या, काहींकडे तर गरजेपेक्षा जास्त.

"आधी डिग्री. दॅट्स इट," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. ते हार्टचे डॉक्टर. भारतात शिकून झाल्यावर इथे येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा दिलेला माणूस. "खेळ काय, आज आहे उद्या नाही. डिग्री कोणी काढून घेतंय का?"

"एक वर्षाचा तर प्रश्न आहे यार," कुणीतरी दुजोरा दिला.

"त्याला कोणी गाइड करणारं नाहीये," डॉक्टर म्हणाले. "आपण केलं पाहिजे. शेवटी आपलाच मुलगा आहे."

तो आपला कधी झाला हे मला कळलं नाही. महिन्याभरापूर्वी यातल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. मी पुऱ्यांची कणीक जरा जास्तच जोरात मळली.

त्याच्या घरात मात्र वाद होता. वडिलांचं मत मला कुंपणापाशी कळलं. उन्हाळा-हिवाळा पत्रं वाटत चालून त्यांचे गुडघे गेले होते. "ती कॉलेजची इमारत शंभर वर्षं तिथेच आहे," ते मला म्हणाले. "आणखी शंभर वर्षं राहील. गुडघ्यांचं तसं नसतं." आईचं उलट. त्यांच्या घराण्यात कॉलेजचा काळा झगा घातलेली ती पहिली आणि एकटी. मुलाला त्या झग्यात बघायचंच, असा तिचा हट्ट. ते दोघंही मनापासून बोलायचे, आणि मुलगा दोघांनाही हो म्हणायचा. त्या महिन्यात तो घरी आला की दारातल्या बास्केटखाली एकटाच चेंडू आपटत राहायचा.

मग पाडवा आला. शाळेचा भाड्याचा हॉल, पडद्याच्या दांड्याची गुढी, तिच्यावर माझा तांब्या उपडा घातलेला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "वहिनी, शेजाऱ्यांना घेऊन या, मुलाला मस्ट आणा." मला वाटलं, श्रीखंड खायला बोलावताहेत.

श्रीखंडाच्या आधी सत्कार निघाला. आमच्या मंडळाला सत्काराचं भयंकर वेड. कुणाचं प्रमोशन झालं, सत्कार. कुणी घर घेतलं, सत्कार. एका गृहस्थांना बऱ्याच प्रयत्नांनंतर ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं तेव्हा त्यांचाही केला होता. शाल, नारळ आणि पुणेरी पगडी. पगडी मंडळाकडे एकच होती, ती फोटोपुरती डोक्यावर ठेवून परत कपाटात जायची. या वेळी मात्र वर्गणी काढून एक चांगलं मनगटी घड्याळही आणलं होतं.

मुलाला स्टेजवर बोलावलं. डॉक्टर शाल घेऊन पुढे झाले आणि तिथेच घोडं अडलं. त्यांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत जेमतेम पोचला, डोकं तर फारच लांब. कुणीतरी घडीची खुर्ची आणली. डॉक्टर तिच्यावर चढले, खुर्ची डुगडुगली, सगळा हॉल श्वास रोखून बसला. तेव्हा तो मुलगा काही न बोलता गुडघ्यावर बसला. डॉक्टरांनी शाल घातली, पगडी ठेवली. ती त्याच्या केसांवर डब्यावरच्या झाकणासारखी बसली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याची आई हसत होती, वडील फोटो काढत होते. मलाही त्या वेळी छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग डॉक्टरांनी माइक धरला आणि इंग्लिशमध्ये जाहीर करून टाकलं, की हा गुणी मुलगा पुढचं वर्ष कॉलेजात राहून आपलं शिक्षण पूर्ण करणार आहे, आणि या घड्याळात बघून वेळेवर क्लासला जाणार आहे. पुन्हा टाळ्या. मुलानं मान डोलावली. सातासमुद्रापलीकडच्या स्थळाला न बघता होकार देणाऱ्या मुली अशीच मान डोलावत असत. मी ती मान ओळखली, कारण ती माझी होती.

माझी एम.एस्सी. पुण्यात अर्धी राहिली. संख्याशास्त्र. पहिलं वर्ष झालं आणि अमेरिकेचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं, नवराही चांगलाच निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढा मोठा निर्णय घरात चर्चेला आला तेव्हा आत्या बोलली, मामा बोलले, वरच्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा बोलले. मी चहा देत होते. मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या भागातल्या छोट्या वर्तमानपत्रात फोटो आला. शाल, पगडी, नारळ आणि पुढे धरलेल्या डबीत चमकणारं घड्याळ. मंडळात आनंदीआनंद. डॉक्टरांनी म्हणे क्लिनिकमध्ये फोटो लावला.

दोन दिवसांनी मुलाची आई आमच्या दारात उभी राहिली. हातात किराण्याची तपकिरी पिशवी, चेहरा उतरलेला. तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत घडी केलेली शाल, घड्याळाची डबी आणि सगळ्यांत वर पगडी होती. त्या गडबडीत पगडी परत घ्यायची राहून गेली होती, आणि मागायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

मग तिनं काय झालं ते सांगितलं. कॉलेजच्या खेळाडूनं खेळाडू म्हणून बाहेरच्या कुणाकडूनही काही भेट घ्यायची नाही, असा नियम होता. घेतली तर तो हौशी खेळाडू राहत नाही, आणि कॉलेजकडून खेळू शकत नाही. फोटो कॉलेजात पोचला होता. कोचनं त्याला बोलावून विचारलं, घड्याळ कुणी दिलं आणि का. चौकशी होणार होती. पुढच्या वर्षी खेळता येईल की नाही, ते आता कुणी सांगू शकत नव्हतं.

म्हणजे पोरानं कॉलेज सोडू नये म्हणून आमच्या मंडळानं त्याला कॉलेजबाहेर काढायची पक्की व्यवस्था केली होती. असली चूक करायला आमच्यासारखीच माणसं लागतात. देशात कुणी सत्काराची शाल घेतली म्हणून त्याचं काही बिघडल्याचं कुणी ऐकलंय?

मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"वहिनी, पण आपण तर प्रेमानं दिलं," ते म्हणाले.

"ते कॉलेजला सांगा."

"शाल खांद्यावर घातली की परत घेत नसतात. बरं नाही दिसत ते."

"पगडी घेतो ती?" मी विचारलं. "पगडी दरवेळी डोक्यावरून काढून घेतो तेव्हा बरं दिसतं?"

चौकशीला मी स्वतः येतो, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मुलगा घरी आला आणि थेट आमच्या मागच्या दारानं आत आला. अलार्म गप्प होता, तो त्याच्यासाठी आला नव्हता. खुर्चीत बसला तरी त्याचे गुडघे टेबलाला लागत होते. मी पुढ्यात चकल्या ठेवल्या, त्यानं हात लावला नाही. मला आमच्या सगळ्या मंडळाचा इतका राग आला होता, की तो मी त्याच्यावरच काढला.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "तुझी आई एक म्हणते, बाबा एक म्हणतात, आमचे डॉक्टर भाषण करतात. तुला स्वतःला काय हवंय?"

त्यानं चकल्यांची ताटली जरा बाजूला सारली. मग म्हणाला, "काकू, महिनाभर मी रोज म्हणत होतो, कुणीतरी एकदाचं ठरवून टाका आणि मला सोडवा. आणि आता कोच म्हणाला, कदाचित ठरलंच. तर मला इतका राग आला, की मी लॉकरला लाथ मारली."

"कशाचा राग?"

"माझं मी ठरवायच्या आत ठरलं, याचा."

मग त्यानं एक चकली उचलली आणि उलट मलाच विचारलं, "तुम्ही काय ठरवलं होतं, काकू? माझ्या वयाच्या असताना?"

मी गॅसकडे तोंड फिरवलं. त्याला माझ्या एम.एस्सी.ची गोष्ट सांगितली, माझ्या मुलीलासुद्धा तोवर मी ती सांगितली नव्हती. त्यानं मध्ये एकदाही अरेरे केलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "मग तुम्हाला काय हवं होतं?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच माझ्यापर्यंत आला होता. "दोन्ही," मी शेवटी म्हटलं. "पण कोणतं आधी, ते मला ठरवायचं होतं."

कॉलेजात चौकशीला आम्ही चौघं गेलो. मुलगा, त्याची आई, मी आणि सूट-टाय घातलेले डॉक्टर. माझ्या मांडीवर ती तपकिरी पिशवी. ऑफिसात नियम बघणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली.

"हे या मुलाला बास्केटबॉल खेळतो म्हणून दिलं?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. आमच्या थोर संस्कृतीत गुणीजनांचा गौरव कसा होतो, इथपासून त्यांनी सुरुवात केली. बाई लिहायच्या थांबल्या. मला राहवेना.

"हो, खेळतो म्हणूनच दिलं," मी म्हटलं. "पण नियम आम्हाला कुणालाच माहीत नव्हता, त्यालाही काय चाललंय ते कळलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनाच शाली घालतो. लायसन्स मिळालं म्हणूनसुद्धा घातली आहे. तुम्ही आमच्या हॉलमध्ये एक मिनिट स्वस्थ उभ्या राहिलात तर तुम्हालाही घालतील."

मुलाच्या आईनं रुमाल तोंडाला लावला. ती रडते आहे असं वाटलं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

बाईंनी पगडी उचलून उलटीसुलटी पाहिली. "आणि ही टोपी?"

"नो नो," डॉक्टर घाईनं म्हणाले. "ती आम्ही नेहमीच परत घेतो."

"मग बाकीचंही परत घ्या," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी घड्याळ घेतलं. मग शाल घेतली, आणि ती घेताना त्यांचे कान लाल झाले. मला त्यांची खरंच दया आली.

"फोटोत एक नारळही दिसतो," बाई म्हणाल्या.

नारळ वडिलांनी गॅरेजमागे हातोडीनं फोडला होता, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून खाल्ला होता. मुलानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "नारळाचं मी ऐकलंच नाही असं समजते," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी कोचकडून निरोप आला, की वस्तू परत गेल्या, प्रकरण मिटलं, त्याला पुढच्या वर्षी खेळता येईल. मंडळानं सुटकेचा निःश्वास टाकला. आता तो राहणारच, असं पुन्हा सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. माणसं इतक्या लवकर सुधारत नाहीत.

तो प्रो झाला.

मला ते त्याच्या आईनं सांगितलं. ती मागच्या अंगणात धुतलेल्या चादरी झटकत होती. "सकाळी आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी जायचं ठरवलंय," ती म्हणाली. "विचारलं नाही. सांगितलं." मी घाबरत विचारलं, रागावलीस का. तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "मी तिसरीच्या पोरांना रोज ओरडून सांगते, उत्तर स्वतः काढा, शेजारच्याचं बघू नका. आता कुठल्या तोंडानं रागावू?" एवढं बोलून ती थोडी रडली, मग आम्ही दोघींनी मिळून चादरीची घडी घातली.

डॉक्टरांना मात्र ते फार लागलं. घरचंच कुणी मेडिकल अर्धवट सोडून निघाल्यासारखे ते दिसत होते. घड्याळ मंडळाच्या कपाटात पगडीशेजारी पडून राहिलं. पुढे कुणाच्याच सत्काराला ते बाहेर निघालं नाही, कारण बाकीच्यांसाठी ते फार महाग होतं.

तो काही मोठा स्टार झाला नाही. दूरच्या एका संघानं त्याला घेतलं, पहिलं वर्ष तो बराचसा बाकावरच बसला. टीव्हीवर मॅच लागली की मी खेळाडूंकडे न बघता बाकाकडे बघायची. तिथे तो गुडघे जवळ घेऊन बसलेला दिसायचा आणि टीममधल्या कुणी चेंडू जाळीत टाकला की सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या वाजवायचा. त्याचा आनंद काचेतूनसुद्धा कळायचा. मीही त्या वर्षी गाडीनं वीस मिनिटांवरच्या युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्राचा एक कोर्स घेतला. वर्गात मी सगळ्यांत मोठी होते आणि पहिल्या परीक्षेत सगळ्यांत खाली. घरी कुणाला विचारलं नव्हतं, जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं. मग बुधवारी स्वयंपाक मी करतो." बुधवारी आम्ही पिझ्झा मागवायला लागलो.

पुढच्या जूनमध्ये तो घरी आला होता तेव्हा मंडळाची सहल होती. मी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन गेले. झाडाखाली टेबलं मांडली होती, मक्याची कणसं भाजली जात होती. त्याला बघताच मुलांनी गराडा घातला. तेवढ्यात डॉक्टर गाडीकडे गेले आणि कपाटातली पिशवी घेऊन आले. शाल, पगडी, घड्याळ. आता तो पैसे घेऊन खेळत होता, आता कुठल्याही नियमाची आडकाठी नव्हती. आता परत भाषण होणार, आणि त्यात डिग्री येणार.

डॉक्टर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. शाल त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, पण हात वर गेले नाहीत. डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "घालू का? तुला चालेल का?"

इतक्या वर्षांत आमच्या मंडळात शाल घालण्याआधी कुणी कुणाला विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

"हो," तो म्हणाला. "पण थांबा. माझं मी बसतो." आणि तो गवतात गुडघ्यावर बसला.

त्यानं डिग्री पुढे पुरी केली का, असं लोक मला अजून विचारतात. मी म्हणते, त्यालाच विचारा.